मामांची आरएक्स डर्ट ट्रॅकवर न्यायचीय? आधी बीपीचं मशीन आण

प्रश्न थोडक्यात असा आला: मामांची १९९१ सालची यामाहा आरएक्स १००, गेली नऊ वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. किक फिरते, पण गाडी चालू होत नाही. तिला उभी करून पुढच्या सीझनला डर्ट ट्रॅकच्या टू-स्ट्रोक गटात उतरवायची आहे. बजेट ६० हजार. आरएक्स १३५चा ब्लॉक (सिलिंडर) टाकू का, पोर्टिंग, म्हणजे ब्लॉकमधल्या हवेच्या वाटा कोरून मोठ्या करणं, किती करू, कार्ब्युरेटर २६चा की २८चा, आणि किती बीएचपी निघेल?

तू मला काका म्हणालास म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

चार प्रश्न विचारलेस आणि चारही इंजिनाचे. चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) बुशांचा एक नाही, शॉकअपचा नाही, चाकांचा नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागल्यापासून आजतागायत डर्टची गाडी बनवायला आलेला प्रत्येक पोरगा असाच विचारतो. मीही विसाव्या वर्षी असाच होतो. त्यामुळे तुझ्या प्रश्नांची उत्तरं देईन, पण माझ्या क्रमाने.

पहिलं म्हणजे आता किक मारणं बंद कर. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला आणि कनेक्टिंग रॉडला जे काही तेल मिळतं ते पेट्रोलसोबत येणारं. नऊ वर्षांत ते कधीच सुकलं. गोठ्याशेजारची शेड, म्हणजे दमट हवा, शेणामुताची वाफ. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके असणारच. प्रत्येक कोरड्या किकेला ते ठिपके बेअरिंगच्या कड्यांवर घासतात आणि बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळीत, ओरखडे उठतात. चालू झालीच तर आणखी वाईट.

दुसरं, ही गाडी कापायची की नाही ते ठरव. आरएक्स १०० आपल्याकडे नोव्हेंबर १९८५ ला आली आणि मार्च १९९६ ला बंद झाली. मधल्या काळातल्या गाड्यांपैकी मूळ पत्रा, मूळ ब्लॉक, कागदपत्रं जाग्यावर असलेली गाडी आज शोधून सापडत नाही. मामांच्या गाडीची कागदपत्रं ठीक असतील तर तिला जशीच्या तशी उभी कर आणि डर्टसाठी दुसरी, अंगाने खराब झालेली गाडी बघ. मामांचीच घ्यायची असेल तर एक नियम पाळ: जे काही काढशील ते परत बसलं पाहिजे. टाकी, साइड पॅनेल, मूळ सायलेन्सर, मूळ कार्ब्युरेटर, हेडलाइट, मडगार्ड हे सगळं पोत्यात नाही, खोक्यात, चिठ्ठ्या लावून ठेव. मूळ ब्लॉकला ग्राइंडर लावू नकोस, पोर्टिंगसाठी दुसरा ब्लॉक घे. चेसिस नंबरच्या आसपास वेल्डिंग तर अजिबात नको. आणि एकदा गाडी रेसची केली की ती टेम्पोतून जाणार-येणार. रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, आणि हेडलाइट नसलेल्या गाडीवरून गावात फेरी मारण्यात शौर्य काही नाही.

आता गाडी काय आहे ते बघू. ५० बाय ५० चा बोअर-स्ट्रोक, ९८ सीसी, एअर कूल्ड, रीड व्हॉल्व्ह (हवा फक्त आत सोडणाऱ्या पाकळ्यांची झडप), ११ बीएचपी, चार गिअर, वजन शंभर किलोच्या आसपास. कागदावर यात काहीच नाही. पण रीड व्हॉल्व्हमुळे हिचा जोर मधल्या आरपीएमला येतो आणि वजन कमी, म्हणून वळणातून निघताना ही गाडी दोनशे सीसीवाल्यांना हैराण करते. डर्ट ट्रॅकवर सरळ पट्टा असतो तरी किती? बहुतेक ठिकाणी तिसरा गिअर पुरा ताणायच्या आत पुढचं वळण येतं. म्हणजे वरच्या टोकाची ताकद दाखवायला तुला जागाच नाही. हे डोक्यात ठेवलंस तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आता बीपीच्या मशीनबद्दल. डॉक्टरकडे दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबतात ना, ते डायलवालं. त्याचा डायल ३०० पर्यंत असतो. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय. आणि टू-स्ट्रोक इंजिनाची गळती तपासायला नेमका तेवढाच दाब लागतो. महागडी किट आणायची गरज नाही, मेडिकल दुकानातून जुनंपुरानं मशीन मिळालं तरी चालतं, फक्त पट्टा काढून टाकायचा.

करायचं असं. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढ. एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी लावून नट आवळ. ऑटोल्यूबची (इंजिनात टू-टी ऑइल सोडणाऱ्या पंपाची) नळी जिथे येते ते तोंड बंद कर. प्लग घट्ट लाव. इनटेकच्या रबरी मॅनिफोल्डमध्ये रबरी बूच बसव, त्यात ट्यूबची व्हॉल्व्ह घुसवलेली असावी, आणि तिला बीपीचा फुगा आणि डायल जोड. पिस्टन खाली आण, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून वर ब्लॉकमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहून क्रँककेस आणि ब्लॉक एकच पोकळी होते. मग फुगा दाबत दाबत काटा ३०० वर ने आणि घड्याळ लाव.

काही जण प्लगच्या भोकातून हवा भरतात. तसं करू नकोस. तिकडून हवा भरली की रीडच्या पाकळ्या मिटतात आणि मॅनिफोल्डची गळती लपून राहते. इनटेकमधून भरलीस तर पाकळ्या उघडून हवा आत जाते आणि सगळे सांधे एकदम तपासले जातात.

काटा सहा मिनिटांत ३०० वरून २५० च्या खाली गेला तर माझ्या दुकानातून ती गाडी बाहेर जात नाही. पुस्तकं यापेक्षा जास्त सूट देतात, मी देत नाही. काटा पडतोय असं दिसलं की शांपूची एक रुपयाची पुडी वाटीभर पाण्यात फेस काढून ब्रशने लाव: हेडचा सांधा, ब्लॉकच्या खालचं गॅस्केट, क्रँककेसचा मधला सांधा, मॅनिफोल्ड. मग डाव्या बाजूचा मॅग्नेट (फ्लायव्हील) काढून क्रँकच्या टोकाच्या रबरी सीलवर लाव. उजव्या, क्लचच्या बाजूचा सील दिसत नाही, पण तो गळत असेल तर गिअर ऑइल टाकायच्या तोंडाशी फेस लावलास की तिथे बुडबुडा धरतो. नऊ वर्षं पडून असलेल्या गाडीत दोन्ही सील कडक झालेले असतात, न तपासता बदलले तरी चालेल. पण बदलल्यावर तपास. दाब टिकला तरी मोठ्या सिरिंजने उलटी ओढ लावून एकदा बघावं, कारण काही सील आतून दाब आला की ओठ आवळून बसतात आणि ओढ लागली की हवा सोडतात.

दोन सीलांची लक्षणं वेगवेगळी असतात. उजवा गेला की इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं, पांढरा धूर निघतो, प्लग ओला होतो. हे डोळ्याला दिसतं म्हणून त्यात फारसा धोका नाही. डावा गेला की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि रेस (थ्रॉटल) सोडली तरी आरपीएम लगेच खाली येत नाही. पोरांना वाटतं वा, काय पिकअप आलाय! आणि दोन लॅपमध्ये पिस्टन पकडतो, म्हणजे तापून बोअरमध्ये अडकतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा एका पोराच्या आरएक्सवर तीन दिवस ग्राइंडर चालवला. एक्झॉस्ट पोर्ट अडीच मिलिमीटर वर घेतला, २८चा कार्ब्युरेटर, हेड घासलं, मॅग्नेट लेथवर घालून हलका केला. रात्री हायवेवर काढली तर गाडी उडत होती. ट्रॅकवर पहिल्याच वळणातून निघताना बसली. खालून काही जोरच नाही. पोरगं क्लच घसरवत घसरवत आरपीएम ठेवत होतं. तिसऱ्या लॅपला सरळ पट्ट्यात पिस्टन पकडला आणि मागचं चाक लॉक होऊन तो आडवा गेला. खांद्याचं हाड. उघडल्यावर दिसलं, डाव्या बाजूचा सील दगडासारखा कडक. तीन दिवस पोर्ट कोरत बसलो आणि चार वडापावांच्या किमतीचा सील जुनाच बसवला. त्याच्या वडिलांसमोर उभं राहून हे सांगावं लागलं. तेव्हापासून बीपीचं मशीन भिंतीवर टांगलेलं आहे.

क्रँकबद्दल थोडक्यात. रॉड किट नवीन टाकायची, ती हायड्रॉलिक प्रेसवर, हातोड्याने नाही. मग क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावायचा. मला ०.०३ मिलिमीटरच्या वर आउट (फिरताना येणारा वाकडेपणा) चालत नाही. लेथवाला म्हणेल "पाच शतकं चालतंय की हो," म्हणजे ०.०५, त्याचं ऐकू नकोस, त्याच्या मांडीखाली ती गाडी असणार नाही. मेन बेअरिंग चांगल्या कंपनीच्या आणि डब्यावर विश्वास न ठेवता हातात फिरवून बघून घे. बाजारात नकली माल एवढा आहे की मी सील आणि बेअरिंग एकाच ठरलेल्या दुकानातून घेतो.

बोअर मारताना आधी पिस्टन हातात घे, मग त्याच्या मापाने बोअर. उलटं करू नकोस. ओव्हरसाइज पाव-पाव मिलिमीटरने मिळतात. पूर्ण १ मिलिमीटर वर गेलास, म्हणजे ५१ चा बोअर, तर सीसी १०२ होतात. तुझ्या गटाची मर्यादा नेमकी १०० असेल तर तिथेच बाद. आयोजकांचे नियम वाच, ओव्हरसाइजची सूट दिली आहे की नाही ते त्यात लिहिलेलं असतं. पिस्टन आणि बोअरमधला क्लिअरन्स डर्टसाठी मी ०.०५ मिलिमीटर ठेवतो, स्टॉकपेक्षा किंचित सैल. धुळीत, कमी वेगात, पूर्ण रेसवर एअर कूल्ड ब्लॉक जेवढा तापतो तेवढा रस्त्यावर कधी तापत नाही. पिस्टन रिंग बोअरमध्ये घालून तिच्या तोंडाची फट फीलरने बघ, ०.२० ते ०.२५. होनिंगचे तिरपे ओरखडे स्पष्ट दिसले पाहिजेत, आरशासारखा गुळगुळीत बोअर बघून खूश होऊ नकोस, त्यावर तेल ठरत नाही. पोर्टांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मार, नाहीतर रिंग अडकते.

आता तुझे प्रश्न.

१३५चा ब्लॉक: बोअर ५८, स्ट्रोक तोच ५०, म्हणजे १३२ सीसी. गट बदलला. तुझ्या समोर मुळातच १३५ पाच गिअरवाल्या गाड्या आणि त्या चालवणारी मुरलेली पोरं येणार. पहिल्या सीझनला कशाला? नको.

कार्ब्युरेटर: स्टॉक मिकुनी २० चा. २८ म्हणजे वाटेल आठच मिलिमीटर जास्त, पण क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. ९८ सीसी इंजिन खालच्या आरपीएमला एवढ्या मोठ्या तोंडातून जेवढी हवा ओढतं ती इतकी संथ असते की जेटमधून पेट्रोल नीट उचललंच जात नाही. वळणातून रेस दिली की गाडी आधी खोकते, मग धावते. त्या खोकण्यात दोन गाड्या पुढे जातात. २२ पुरे, फार तर २४.

पोर्टिंग: पहिल्या सीझनला फक्त ब्लॉकचा आणि गॅस्केटचा ट्रान्सफरच्या तोंडाशी मेळ बसव, एक्झॉस्टची उंची हातच लावू नकोस. पुढच्या वर्षी वाटलं तर डिग्री व्हील (क्रँकचे अंश मोजायची तबकडी) लावून, मोजून, १ मिलिमीटरच्या आत. पिस्टन आणि हेडमधली फट बघायला हेडमध्ये सोल्डरची तार घालून, किक हळू फिरवून ती चेपलेली तार मोज. एक मिलिमीटरच्या आसपास आली तर ठीक. पावणेदोन आली तर ब्लॉकखालचं गॅस्केट पातळ कर, हेडवर लेथ लगेच नको. रीडच्या पाकळ्या उजेडात धर. मधून उजेड दिसला की बदल. मॅग्नेट हलका करू नकोस. जड मॅग्नेटमुळे सैल मातीत चाक एकदम फिरत नाही, पकड राहते. ही गोष्ट रस्त्यावरच्या ट्यूनरला पटत नाही, पण त्यांचं चाक डांबरावर असतं.

एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर रेसिंग सायलेन्सर) वापरायला हरकत नाही, पण मधल्या आरपीएमचा. हायवेवर आवाज गाजवणारा नाही.

बीएचपी किती निघेल? तो आकडा विचारूच नकोस. शेजारच्या पोराला सांगायला बरा असतो. गाडी नीट झाली की नाही ते लॅप टाइम सांगतो.

आता खरा खर्च. तुझ्या ६० हजारांतले निम्म्याहून जास्त मी इंजिनाच्या बाहेर घालीन.

चिमटा धरून आडवा हलव. हलला की बुश गेले. आरएक्समध्ये जातातच, आणि गेलेल्या बुशांवर मागचं चाक वळणात स्वतःच्या मनाने दिशा घेतं. पोरं म्हणतात टायर चांगला नाही. मी गनमेटलचे बुश लेथवर बनवून घेतो, ग्रीस निप्पल बसवतो, आणि प्रत्येक रेसनंतर ग्रीस भरतो. पुढे कोनसेटच्या (हँडल फिरतं त्या गोळ्यांच्या बेअरिंगच्या) जागी टेपर रोलर बेअरिंग टाक. गोळ्यांच्या कोनसेटला उडी मारून पडलं की खड्डे पडतात आणि हँडल मधोमध अडकल्यासारखं होतं.

फ्रेम पत्रा-रंग काढून उघडी कर आणि केरोसीनने धुऊन खडूची पूड लाव. क्रॅक असेल तिथे केरोसीन झिरपून काळी रेघ उमटते. गळ्याशी, चिमट्याच्या पिव्होटशी आणि शॉकअपच्या वरच्या माउंटिंगशी बघ. तिथे, चेसिस नंबरची जागा सोडून, तिकोनी पट्ट्या वेल्ड करून घे, पण इंजिन उतरवून, आणि वेल्डरला सांग थोडं थोडं, आलटून पालटून. एकाच बाजूने भरलं की फ्रेम ओढली जाते.

पुढच्या फोर्कचे पाइप काचेच्या सपाट तुकड्यावर लोटून बघ. वाकडे असले तर खाली उजेड लुकलुकतो. सील नवीन, ऑइल स्टॉकपेक्षा जाड, आणि दोन्ही पायांत ऑइलची उंची सारखी. मापाने ओतू नकोस, स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण दाबून, वरून पट्टीने उंची मोज. सिरिंजला नळी लावून जास्तीचं ओढून काढ. स्प्रिंगच्या वर पीव्हीसी पाइपचा १५-२० मिलिमीटरचा तुकडा घालतात, तो जुगाड खरोखर चालतो. किती घालायचा हे मात्र अंदाजाने नाही. हेल्मेट, बूट, गार्ड सगळं अंगावर घालून गाडीवर बस, मित्राला टेप धरायला सांग. गाडी एकूण प्रवासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने बसली पाहिजे, पुढे आणि मागे.

आणि एक गोष्ट हमखास विसरतात. आरएक्सचं पुढचं मडगार्ड ज्या पट्टीवर बसतं ती पट्टी दोन पाइपांना एकत्र धरून ठेवते. डर्टसाठी मडगार्ड उंच केलं आणि ती पट्टी भंगारात टाकली की पाइप एकमेकांपासून वेगळे वळायला लागतात. जाड अॅल्युमिनियमची ब्रेस बनवून लाव.

मडगार्ड उंच का करायचं ते काळ्या मातीत एकदा चालवलंस की कळेल. आपल्याकडे तीन प्रकारचे ट्रॅक असतात. मुरमाचा, तो वरून कडक आणि खाली खडीदार. लाल मातीचा, चांगला. आणि ऊस निघालेल्या रानातला काळ्या मातीचा, ज्यावर सकाळी टँकरने पाणी मारतात. पहिल्या हीटला (फायनलआधीच्या फेरीला) ती माती टायरच्या प्रत्येक गट्टूत भरते, मडगार्डखाली गोळा होते आणि दुसऱ्या लॅपला पुढचं चाक फिरेनासं होतं. दुपारपर्यंत तीच माती सुकून सिमेंट होते. म्हणून पहिल्या हीटला मोकळ्या, लांब गट्टूंचा टायर, दुपारी जवळजवळ गट्टूंचा. दोन संच परवडत नसतील तर दुपारचा घे, कारण फायनल दुपारी असते.

चाकं दोन्ही १८ इंची. स्टॉक टायर पुढे २.५०, मागे २.७५. मागे जाडजूड टायर घालायची हौस सगळ्यांना असते. चाकाच्या अरुंद रिंगवर (रिमवर) रुंद टायर बसवला की तो चिमटून गोल होतो, जमिनीला टेकणारा भाग उलट कमी होतो, आणि चेन घासते ते वेगळंच. रुंदी एक पायरी वाढव, बस. स्पोक जाड गेजचे घे, रिंगचा आउट काढणारा जुना माणूस शोध, नवीन पोरांना हे काम जमत नाही. हवा १४ ते १६ पीएसआय आणि रिम लॉक (टायर रिंगला आवळून धरणारा) लावायचाच. नाहीतर कमी हवेत टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचं नोझल उपटून येतं.

मागचे शॉकअप गॅसवाले, उंची फार तर २० मिलिमीटर वाढव. जास्त केलीस तर हँडल घाबरट होतं आणि सरळ पट्ट्यात गाडी थरथरते. उंची वाढवली की चेनचा ताण पुन्हा बघ: मागचा एक्सल, पिव्होट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येईल इतका चिमटा दाबायचा, तिथे चेन सर्वांत ताणलेली असते. तिथे थोडी ढिली हवी. स्टँडवर चेन बघून ताणलेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स बेअरिंग मी दर सीझनला बदलतो.

ब्रेक ड्रमचेच राहू देत. नवीन लायनिंगवर खडू फासून ड्रममध्ये फिरव, जिथे खडू पुसला जाईल तिथेच ती टेकते. तेवढं घासून पूर्ण टेकव. यात एक संध्याकाळ जाते आणि ब्रेक दुप्पट लागतो.

पेट्रोल-ऑइल. डर्टवर मी ऑटोल्यूब पंप काढतो आणि टाकीत मिसळतो, एकास तीस. म्हणजे ५ लिटरला साधारण १६७ मिली, चांगलं टू-टी ऑइल. पंप काढल्यावर तिथलं तोंड आणि नळीचं भोक नीट बंद केलंस का ते पुन्हा बीपीच्या मशीननेच तपास. लक्षात ठेव, ऑइल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकातून) पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं, त्यालाही जास्त पेट्रोल लागतं. १९९१ च्या पुस्तकातला जेट नंबर आज लावलास तर पिस्टन गेलाच म्हणून समज. मोठ्या जेटपासून सुरू कर आणि खाली ये. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल दुसऱ्या रेसला वापरू नकोस. फ्लोटचं भांडं रिकामं करून गाडी ठेव, आणि जुन्या रबरी नळ्या, टाकीच्या कॉकचा वायसर (वॉशर) बदल.

मेन जेट प्लगवरून बघतात. नवा प्लग लाव, सरळ पट्ट्यात पूर्ण रेस दे, त्याच रेसवर क्लच दाबून किल स्विच मार आणि गाडी ढकलत आण. पांढऱ्या चिनी मातीच्या मुळाशी, अगदी आत, गोल कडं दिसतं. त्याचा रंग खारकेसारखा हवा. पांढरं असेल तर जेट वाढव, लगेच. सकाळच्या गारव्यात जमलेला जेट दुपारी जाड वाटेल, म्हणजे पेट्रोल जास्त, ते चालतं. उलटं चालत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. रत्नागिरीला किंवा गोव्याला रेस असेल तर तिथली हवा दाट, जेट एक-दोन नंबर वर न्यावाच लागतो. घाट उतरताना हे आठवण्यासाठी मी टूलबॉक्सच्या झाकणावर लिहून ठेवलंय.

एअर फिल्टर उघडा कोनवाला लावू नकोस. मूळ डबा ठेव, फोम नवीन, तेलात भिजवून पिळलेला. उघड्या फिल्टरने धूळ खाल्लेला बोअर मी दोनच रेसमध्ये संपलेला पाहिलाय.

गिअरिंग ट्रॅकवर गेल्यावर ठरतं. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे जवळजवळ तीन वाढवल्यासारखं, म्हणून मागची दोन-तीन स्प्रॉकेटं जवळ ठेव आणि सरावात बघ: सर्वांत लांब पट्ट्याच्या शेवटी तिसरा गिअर संपायला आला पाहिजे.

लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लागतं, आणि स्क्रूटिनीत (रेसआधीच्या गाडी तपासणीत) गाडी इंजिनासाठी क्वचितच अडवतात. अडवतात ते लिव्हरच्या टोकाला गोळी नाही, हँडलच्या टोकात बूच नाही, फूटरेस्ट घडी होत नाही, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटत नाही, किल स्विच चालत नाही, यासाठी. एक दिवस आधी संध्याकाळी नियमांचा कागद घेऊन स्वतःच स्वतःची स्क्रूटिनी कर. हेल्मेट, बूट, नी गार्ड आणि चेस्ट गार्डचे पैसे ६० हजारांच्या बाहेर काढ, आतून नाही. ते जमत नसेल तर या सीझनला नुसतं बघायला ये, माझ्या टेंटमध्ये स्पॅनर धर.

सुरुवात म्हणून इतकंच कर: प्लग काढून भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल टाक, मॅग्नेटच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरव आणि दोन दिवस तसंच ठेव. मग सायलेन्सर, कार्ब्युरेटर काढ आणि बीपीचं मशीन लाव. काटा ३०० वरून किती वेळात कुठे येतो ते कळव, आणि फेस कुठे आला त्याचा फोटो पाठव.